क्लाउन लोच पाळताय? या चुका टाळा

दुकानात क्लाउन लोच हा शोभेचा मासा जेमतेम बोटाएवढा दिसतो. केशरी अंग, त्यावर तीन काळे पट्टे, तोंडाशी बारीक मिशा. ‘तळाची घाण खातो, एक टाकून ठेवा’ असं दुकानदार सांगतो आणि चुकांची सुरुवात तिथेच होते. हा मासा घाण खात नाही. गोगलगायी मात्र आवडीने फस्त करतो. सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांमधला हा मासा तिकडे फूटभर वाढतो, नीट सांभाळला तर 20 वर्षांहून जास्त जगतो. दोन फुटी टाकी त्याला फार तर लहानपणी पुरते. पुढे सहा फुटी टाकीला जागा आणि पैसे नसतील, तर तो घेऊच नये.

एकटा आणणं ही दुसरी चूक. एकटा लोच दिवसभर दगडामागे दडून बसतो, रंग फिका पडतो आणि ‘मासा सुस्त आहे’ म्हणून लोक औषध ओततात. त्याला हवे असतात सोबती, किमान पाच-सहा. टोळी जमली की खाण्यावरून ढकलाढकली होते, टकटक आवाजही ऐकू येतो. त्याला घाबरू नका.

मासा कुशीवर पडलेला दिसला की पुष्कळांचा धीर सुटतो. क्लाउन लोच झोपतोच तसा, कधी दोन दगडांच्या फटीत उभा अडकल्यासारखाही. कल्ले संथ हलत असतील आणि जवळ गेल्यावर तो पळत असेल तर काही बिघडलेलं नाही. पण पाण्याच्या वर येऊन धापा टाकत असेल, तर ताबडतोब पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट तपासा, माशांच्या घाणीतून तयार होणारी ही विषारी द्रव्यं. दोन्ही शून्यच हवेत. नव्या टाकीत म्हणूनच लोच सगळ्यात शेवटी सोडायचा, फिल्टर मुरल्यावर, म्हणजे ही द्रव्यं पचवणारे जिवाणू त्यात वाढल्यावर.

खरी डोकेदुखी पांढऱ्या ठिपक्यांची, म्हणजे एका परजीवीमुळे होणाऱ्या रोगाची. अंगावर रवा भुरभुरावा तसे ठिपके टाकीत सगळ्यात आधी यालाच दिसतात. प्रवासाचा ताण आणि गार पाणी ही नेहमीची कारणं. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात हीटर नसेल तर पाणी सहज गारठतं, आणि याला 26 ते 30 अंश लागतं. औषधाची पूर्ण मात्रा एकदम देऊ नका: याचे खवले इतके सूक्ष्म असतात की औषध फार लवकर बाधतं. अनुभवी लोक बहुधा निम्म्या मात्रेने सुरुवात करतात आणि तांब्याची औषधं टाळतात. फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेईल. तापमान हळूहळू 30 पर्यंत न्या आणि एअर पंप वाढवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

आणि ठिपके गेले म्हणून लगेच थांबू नका. ठिपका अंगावरून सुटतो तेव्हा परजीवी तळाशी जाऊन शेकडो पिल्लं सोडतो. औषधाने मरतात ती ही पोहणारी पिल्लंच, अंगावरचे ठिपके नव्हेत. म्हणून ठिपके दिसेनासे झाल्यावरही काही दिवस उपचार चालू ठेवा आणि तळ सायफनने (घाण ओढून घेणाऱ्या नळीने) साफ करत राहा.

टोकदार खडी नको, मिशा झिजतात. बारीक वाळू घाला. टाकीला झाकण हवंच.

टाकी लहानच असेल तर झेब्रा लोच सुचवला जातो. तो आपल्याच सह्याद्रीतला, कृष्णेच्या खोऱ्यातला. पण निसर्गात तो धोक्यात आलेला आहे, त्यामुळे नदीतून पकडलेला असेल तर घेऊ नये असं माझं मत. दुकानदाराला तसं स्पष्ट विचारा.

मासा हलवताना जाळी वापरू नका. डोळ्याखाली दडलेला काटा घाबरला की बाहेर येतो आणि जाळीत अडकतो. प्लास्टिकच्या डब्याने पाण्यासकट उचला. काटा अडकलाच, तर ओढू नका, जाळी कापा.