ध्येय कागदावर लिहिण्याआधी

पुण्यात नव्या पेठेत आमची अभ्यासिका आहे. राज्यसेवा, कंबाइन, यूपीएससी अशा सरकारी पदांच्या स्पर्धा परीक्षा देणारी मुलं-मुली सकाळपासून रात्रीपर्यंत इथे बसतात; बीड, लातूर, नांदेड, सोलापूर, जळगाव, सगळीकडची. प्रत्येकाच्या कप्प्यात समोर एक कागद चिकटवलेला असतो. ‘उपजिल्हाधिकारी’, ‘डीवायएसपी’, ‘आईसाठी’. हे कागद वाचता वाचता माझं एक ठाम मत झालंय. कागदावर काय लिहिलंय ते नंतर बघू, ते तिथे आलं कुठून हे आधी तपासायला हवं. ज्यांनी ते तपासलं, ती मुलं पोस्ट निघाली, म्हणजे निवड झाली, तरी आणि नाही निघाली तरी स्वतःच्या पायावर उभी राहिलेली मी पाहिली आहेत. नवीन काही ठरवायला बसलेल्यांना मी जे करायला लावते, ते इथे सांगते. तुमचा स्पर्धा परीक्षेशी संबंध नसेल तरी हरकत नाही. घर घेणं, वजन उतरवणं, गाणं शिकणं, नोकरी बदलणं, कशालाही हे लागू पडतं.

ही इच्छा आली कुठून?

एक कोरं पान घ्या. वर ध्येय लिहा आणि खाली आठवून लिहा: हे पहिल्यांदा डोक्यात कधी आलं, तेव्हा समोर कोण होतं, मला नेमकं काय वाटलं होतं. बहुतेकांच्या पानावर ‘गावात अमक्याची मिरवणूक निघाली होती’, ‘मामा म्हणाले, इंजिनिअर झालास, आता कलेक्टर हो’, ‘रूममेटने क्लास लावला म्हणून मीही लावला’ असलं काहीतरी येतं. त्यात गैर काहीच नाही. इच्छा बहुतेक वेळा बाहेरूनच येते, मग आपण ती वाढवतो. म्हणून त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहायची: त्यानंतर यात मी माझं काय घातलं? कुणी लिहितं, ‘दुष्काळात आमच्या गावाला टँकर कसा मिळाला नाही ते मी पाहिलंय, मला त्या खुर्चीत बसून ते काम करायचंय.’ ही इच्छा मामांची राहिलेली नाही. कुणाची ती ओळ कोरीच राहते. अशा वेळी पेन खाली ठेवा, दोन दिवस जाऊ द्या, पुन्हा बसा. घाईघाईने सुंदर वाक्य लिहून ती जागा भरू नका.

मग मी विचारते: निकाल लागला, पण गावात फ्लेक्स नाही, सत्कार नाही, स्टेटस ठेवायचं नाही, नातेवाइकांना कळणारही नाही. तरीही हे करायचंय का? उत्तर लगेच ‘हो’ आलं नाही म्हणून ध्येय टाकून द्यायचं नाही. मानाची भूक कुणालाही असते. पण मान काढून घेतल्यावर मागे काहीच उरत नसेल, तर पुढची चार वर्षं कशाच्या जोरावर काढणार?

आणि सगळ्यांत उपयोगी प्रश्न: पद हवंय की काम? तहसीलदार व्हायचंय म्हणता, तर एखाद्या मंगळवारी तहसील कचेरीत जाऊन बसा. दाखल्यांसाठी उभी असलेली माणसं, बांधावरून आणि रस्त्यावरून भांडणाऱ्या भावाभावांच्या सुनावण्या, फेरफाराच्या तक्रारी, अवकाळी पावसानंतरचे पंचनामे, मतदार याद्या. गाडी आणि रुबाब बाजूला ठेवला तर रोजचं काम हेच. सोलापूरकडची एक मुलगी माझं ऐकून सुट्टीत तालुक्याच्या कचेरीत दिवसभर बसली. परत आली ती जास्तच पक्की होऊन. म्हणाली, “काकू, त्या म्हातारीला कुणी नीट उत्तरच देत नव्हतं, मी दिलं असतं.” दुसऱ्या एका मुलाच्या मात्र तिथे बसल्यावर लक्षात आलं की आपल्याला अर्थशास्त्र वाचायला आणि दुसऱ्याला समजावून सांगायला आवडतं, फायली नाही. तो आता शिकवतो, आणि फार छान शिकवतो. हा एक दिवस कुणीही काढू शकतं. कॅफे काढायचाय? एखाद्या कॅफेच्या मागच्या बाजूला दिवसभर उभे राहा. परदेशी जायचंय? तिथे गेलेल्याला फोटोंबद्दल विचारू नका, त्याचा बुधवार कसा जातो ते विचारा.

मानसशास्त्रातही यावर काम झालंय. केनन शेल्डन आणि अँड्र्यू इलियट या दोघांनी १९९९ मध्ये मांडलं की स्वतःच्या आवडीशी आणि मूल्यांशी जुळणाऱ्या ध्येयासाठी माणूस जास्त टिकून कष्ट करतो, त्यामुळे ते गाठण्याची शक्यता वाढते आणि गाठल्यावर समाधानही जास्त मिळतं. धाकाने किंवा अपराधी वाटतं म्हणून धरलेल्या ध्येयात सुरुवातीचा जोर असतो, पण तो ओसरतो. आमच्याकडे जून-जुलैत सगळे कप्पे भरतात आणि दिवाळीनंतर काही रिकामे होतात, तेव्हा मला हे आठवतं.

आठवडा आधी, ध्येय नंतर

आपल्याला काय महत्त्वाचं आहे ते तोंडाने कुणीही सांगतं: घर, तब्येत, अभ्यास. खरं उत्तर आठवड्यात असतं. एक आठवडा काहीही न बदलता फक्त लिहून काढा, कुठला तास कुठे गेला. आठवड्याचे १६८ तास. सात तासांप्रमाणे झोपेचे ४९ गेले की उरतात ११९. जेवण, आंघोळ, कपडे, प्रवास वजा करा. शिल्लक राहणारा आकडा पाहून जवळजवळ सगळ्यांचा चेहरा बदलतो.

सहकारनगरला राहणारा, हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण शनिवार-रविवार आमच्याकडे यायचा. त्याच्या यादीत तीन गोष्टी होत्या: कंपनीची सर्टिफिकेशन परीक्षा, फुल मॅरेथॉन आणि वडिलांची काळजी. यादीत वडील पहिले होते. त्यांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास. आठवडा लिहिल्यावर दिसलं की त्यातल्या एकाच फेरीला हा असतो, बाकी दोन्हीला आई एकटीच त्यांना रिक्षाने नेते. हिंजवडीचा जाऊन-येऊन प्रवासच दिवसाचे तीन तास खात होता. वर ४२ किलोमीटरची तयारी, म्हणजे रविवारची अख्खी सकाळ.

इथे लोक दोनपैकी एक करतात: सगळं ठेवून झोप कापतात, नाहीतर स्वतःची आवड निमूटपणे सोडून मनात कुढत राहतात. दोन्ही मला पटत नाही. त्याने ध्येयाचा आकार बदलला. आपली पुणे इंटरनॅशनल मॅरेथॉन १९८३ पासून आहे, पुढच्या वर्षीही असेल. यंदा १० किलोमीटर. एक दिवसाआड पहाटे घरामागची तळजाई टेकडी. आठवड्यातला एक दिवस घरून काम मागून घेतलं आणि त्या दिवशी वडिलांसोबत तोच जायला लागला, लॅपटॉप घेऊन. परीक्षा सहा महिने पुढे ढकलली. ऑफिसातल्या ग्रुपवर सगळे ‘फुल’ पळत असताना १० किलोमीटर सांगणं त्याला जड गेलं असणार, पण तो हललेला मला दिसला नाही.

म्हणून क्रम असा धरा: आधी न हलणाऱ्या गोष्टी आठवड्यात लिहा, नावानिशी आणि वेळेनिशी. ‘घरच्यांना वेळ देणं’ असं लिहू नका. ‘रविवारी रात्री साडेआठला आईला फोन, घाई न करता’ असं लिहा. उरलेल्या जागेत मावेल तेवढं ध्येय घ्या.

माझ्यावरही ही वेळ आली होती. आजूबाजूला चोवीस तास उघड्या अभ्यासिका झाल्या तेव्हा सगळे म्हणाले, तुम्हीही करा, शेजारची जागा घेऊन दुसरी शाखा काढा. मी पान लिहिलं. रात्रीचं जेवण घरी सगळ्यांबरोबर, आणि इथे बसणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव मला माहीत असणं, या माझ्या न हलणाऱ्या दोन गोष्टी निघाल्या. रात्री अकराला आम्ही आजही बंद करतो.

लिहायचं कसं

आपल्या हातात आहे तेच वाक्यात येऊ द्या. २०२३ च्या यूपीएससी नागरी सेवा परीक्षेसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते आणि अंतिम शिफारस १,०१६ जणांची झाली. मुलांना घाबरवायला मी हा आकडा सांगत नाही. ‘पोस्ट काढणार’ हे वाक्य आपल्या हातातलं नाही, ‘रोज सकाळी सात ते अकरा उत्तरलेखन करणार’ हे आहे, एवढ्यासाठी सांगते. पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलंय की ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ असं ठरवून ठेवलं की ते काम प्रत्यक्षात होण्याची शक्यता बरीच वाढते. तेव्हा ‘मेसवरून आलो की मोबाईल काउंटरवर ठेवून जागेवर बसणार’ असं लिहा.

त्याखाली किंमत लिहा. या ध्येयासाठी मी काय देतोय: ढोल-ताशा पथकातली दोन महिन्यांची प्रॅक्टिस, मित्रांच्या लग्नातली हजेरी, कॉट बेसिसवरच्या, म्हणजे एका खाटेपुरत्या, खोलीचं आणि मेसचं दर महिन्याचं भाडं, जे बाबा पाठवतात. किंमत लिहिताना हात थबकला तर तिथे थांबून विचार करा, ध्येय महाग आहे की नकोसं आहे.

आणि तो कागद भिंतीवर नको, वहीच्या आतल्या पानावर ठेवा, असं मी आग्रहाने सांगते. समोर लावलेला कागद येणारे-जाणारे वाचतात, आणि हळूहळू आपण तो त्यांच्यासाठी लिहायला लागतो.

लांबच्या पल्ल्याचं काही धरणार असाल तर एकदा लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत जाऊन या. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम तिथे १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पूर्ण झालं. १९२५ पासून ज्यांनी ते काम शास्त्रशुद्ध पायावर उभं केलं, ते विष्णू सीताराम सुकथनकर १९४३ मध्ये गेले. शेवट त्यांना पाहायला मिळाला नाही. हस्तलिखितांतला एकेक श्लोक ताडून पाहण्याचं रोजचं कामच त्यांना हवं असणार, त्याशिवाय इतकी वर्षं कुणी ते करत नाही. तुमच्या ध्येयातलं रोजचं काम तुम्हाला तसं हवंय का, हे तिथे उभं राहून विचारण्यासारखं आहे.

घरी सांगताना आणि सोडताना

घरच्यांशी बोलताना भावनेत शिरू नका, आकडे आणि तारीख घेऊन बसा. “बाबा, मला अजून एक अटेम्प्ट द्यायचाय. महिन्याला इतका खर्च आहे. अर्धा मी शिकवण्या घेऊन भागवतो. पुढच्या वर्षी जूनमध्ये आपण पुन्हा बोलू, तोपर्यंत मला विचारू नका.” असं बोललेल्या मुलांच्या घरी वाद कमी होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. ज्यांना घरच्यांनी ठरवलेलं करायचं नाही त्यांनीही असंच बोलावं: काय नको हे एका वाक्यात, आणि त्याऐवजी काय करणार हे पाच वाक्यांत.

खुल्या प्रवर्गाला यूपीएससीत सहा अटेम्प्ट आणि ३२ वर्षांची अट असते. ती आयोगाची मर्यादा झाली. त्याच्या आत तुमची स्वतःची मर्यादा आजच लिहून ठेवा, कारण निकालाच्या आठवड्यात कुणालाही नीट ठरवता येत नाही. त्या आठवड्यात मी मुलांना एवढंच म्हणते, घरी जा, जेवा, झोपा. निर्णय ठरलेल्या तारखेला. कार्स्टन रॉश आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या संशोधनात दिसलं होतं की आवाक्याबाहेर गेलेलं ध्येय सोडू शकणारी आणि दुसरं अर्थपूर्ण काही हाती घेणारी माणसं मनाने जास्त बरी राहतात. यातलं दुसरं अंग लोक विसरतात. नुसतं सोडून गावी गेलेल्या मुलाला फार त्रास होतो. म्हणून आधी पहिलं पान काढा, ‘यात मी माझं काय घातलं’ ही ओळ वाचा आणि तेच दुसऱ्या कुठल्या कामात करता येईल ते शोधा. टँकरवाली ओळ लिहिणाऱ्याला पाण्याचं काम करायला अधिकारीच व्हावं लागतं असं नाही.

जुनी पानं फाडू नका. मागे तारीख टाका, वहीत ठेवा, आणि दर तीन महिन्यांनी सगळी पानं ओळीने वाचून मगच नवीन लिहायला घ्या.