मालक, हिटर आणि भानगड: गावची प्रीमियर लीग भरवताना

भंडारा-गोंदियाकडे धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या आणि वऱ्हाडात कापसाचे दोन-तीन वेचे आटोपले की टेनिस बॉलच्या स्पर्धांचे बॅनर लागायला लागतात. पूर्वी गावाचा संघ यायचा, एन्ट्री फी भरायचा, हरला की ट्रॅक्टरमध्ये बसून परत जायचा. आता प्रत्येक संघाला मालक असतो. कृषी केंद्रवाला, रेतीचा ठेकेदार, राईस मिलवाला, जिनिंगवाला, प्लॉटिंगवाला, नाहीतर पुढच्या वेळी जिल्हा परिषदेला उभं राहायच्या तयारीतले भाऊ. मालकांमुळे स्पर्धा मोठी झाली यात वाद नाही. पण फायनल झाल्यावर महिनाभर पानटपरीवर ‘मॅच विकली’ची चर्चा चालते, तीही त्यांच्यामुळेच.

यातल्या बहुतेक भानगडी लिलावाच्या आधी रुजतात. पैसा कोणाच्या हातून जाणार, कोण खेळू शकणार आणि वाद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, या तीन गोष्टी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाने लिहून काढल्या नाहीत तर मालक त्या आपापल्या सोयीने ठरवतो. खालचा हिशेब आठ संघ, संघात बारा खेळाडू आणि आठ षटकांचे सामने धरून केला आहे.

आधी पैसा

चार-चार संघांचे दोन गट केले तर साखळीचे बारा सामने, दोन उपांत्य आणि एक अंतिम असे पंधरा सामने होतात. सोळा षटकं, मधली सुटी आणि बॉल शोधण्यात जाणारा वेळ धरून एका सामन्याला सव्वा तास लागतो. सकाळी साडेआठला सुरू केलं तर अंधार पडायच्या आत सहा सामने होतात. म्हणजे पहिल्या दोन दिवसांत साखळी आणि तिसऱ्या दिवशी उरलेले तीन.

प्रत्येक मालकाकडून १५,००० घेतले तर १,२०,००० जमा होतात. पहिलं बक्षीस ४१,००० आणि दुसरं २१,००० ठेवलं तर ६२,००० गेले. उरलेल्या ५८,००० मध्ये पंच, बॉल, मंडप, माइक, पाणी आणि बाहेरच्या खेळाडूंचं मानधन बसवायचं. बॉल प्रत्येक डावाला नवा, म्हणजे तीस. वर बारा जास्तीचे ठेवा, कारण तुरीत गेलेला बॉल संध्याकाळपर्यंत सापडत नाही. बॅनरवर पहिलं बक्षीस ७१,००० छापायचं आणि ‘बाकीचे एखादे भाऊ देतील’ म्हणून सोडून द्यायचं, हा धंदा करू नका. ते भाऊ फायनलच्या दिवशी हमखास नागपूरला गेलेले असतात.

रक्कम मंडळाच्या खात्यात, दोघांच्या सहीने निघेल अशी ठेवा. अध्यक्षाच्या मोबाइलचा क्यूआर कोड चिकटवून पैसे घेतले की अध्यक्ष कितीही सरळ असला तरी बोलणाऱ्यांची तोंडं बंद होत नाहीत. पूर्ण फी आल्याशिवाय मालकाला लिलावाच्या टेबलावर बसवू नका. ‘अर्धे आता, अर्धे फायनलला’ म्हणणारा मालक उपांत्य फेरीत हरला की अर्धे बुडाले समजा. तालुक्यात निवडणुकीची आचारसंहिता लागलेली असेल तर उमेदवाराच्या नावाचं बक्षीस आणि फोटोचा बॅनर या दोन्ही गोष्टी मंडळाच्या अंगावर येतात. तारखा पुढे ढकललेल्या बऱ्या.

लिलाव

बोली रुपयांत नको, पॉइंटांत लावा. प्रत्येक संघाला ६०,००० पॉइंट, मूळ किंमत १,०००, बोली १०,००० पर्यंत पाचशेने आणि पुढे हजाराने वाढेल. आठ संघांना ९६ खेळाडू लागतात, म्हणून नोंदणी निदान ११० ची हवी. नाहीतर शेवटचे दहा जण कोणाला नको असूनही घ्यावे लागतात आणि तेच पुढे ‘आम्हाला खेळवलंच नाही’ म्हणून भांडतात.

लिलाव फसतो तो एकाच ठिकाणी. मालक जोशात दोन हिटरवर ४५,००० उडवतो आणि शेवटी चार जागा रिकाम्या असताना हातात पॉइंट नसतात. मग मोठा आवाज काढून म्हणतो, “थोडे पॉइंट वाढवून द्या ना बाप्पा, कोनाचं काय जाते?” एकाला वाढवून दिले की बाकी सात जण उठतात. यावर उपाय साधा आहे. दर बोलीआधी प्रत्येक संघाची कमाल बोली फळ्यावर दिसली पाहिजे. उरलेले पॉइंट घ्यायचे आणि सध्याचा खेळाडू सोडून जेवढ्या जागा भरायच्या राहतील तेवढे हजार त्यातून वजा करायचे. समजा एका संघाने ३८,००० मध्ये चार खेळाडू घेतले. उरले २२,०००, जागा आठ. आता पुकारलेल्या खेळाडूसाठी एक जागा सोडली तर सात उरतात, म्हणून ७,००० राखून ठेवायचे. कमाल बोली १५,०००. त्यावर हात वर झाला तर लिलाव पुकारणाऱ्याने तो मोजायचाच नाही. हे आकडे एकाने फळ्यावर आणि दुसऱ्याने वहीत लिहायचे. दर दहा खेळाडूंनंतर दोन्ही ताडून पाहायचे.

सगळे हिटर आधी पुकारू नका. पहिल्या अर्ध्या तासात पॉइंट संपतात आणि पुढचे चांगले बॉलर मूळ किमतीत जातात. त्यांना ते महिनोन्‌महिने लागतं. हिटर, बॉलर, ऑलराउंडर, कीपर अशा चार डब्यांत चिठ्ठ्या टाका आणि एकेका डब्यातून आळीपाळीने काढा. ‘तू याला घे, मी त्याला घेतो’ असं मालकांचं आधीच ठरलेलं असतं, तेही यामुळे बरंच मोडतं. पुढचं नाव कोणतं निघणार हे कोणालाच माहीत नसतं. दोन संघ कमाल बोलीवर अडले तर तिथेही चिठ्ठी.

मालकाचा मुलगा किंवा पुतण्या खेळणार असेल तर त्याची बोलीच लावू नका. साठ हजार भागिले बारा म्हणजे सरासरी ५,०००; त्या किमतीत तो मालकाच्या संघात जाईल आणि तेवढे पॉइंट आधीच कापले जातील. फुकट दिला तर बाकीचे ओरडतात. बोलीवर ठेवला तर शेजारचा मालक मुद्दाम किंमत चढवतो, आणि त्यातून जे वैर होतं ते ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपर्यंत पुरतं.

सीमारेषाही लिलावाआधीच आखून घ्या. खेळपट्टीच्या मधोमध खुंटी ठोकून टेपने ५० मीटर, सगळीकडून चुन्याची फक्की. एका बाजूला तूर ४२ मीटरवरच येत असेल तर तसं सांगून टाका, कारण त्या बाजूला मारणाऱ्या हिटरची किंमत त्यावरच ठरते. लिलावानंतर रेषा आत-बाहेर सरकली की ती कोणासाठी सरकली हे सगळ्या गावाला कळतं.

किरायाचा हिटर

प्रत्येक तालुक्यात पाच-सहा पोट्टे असे असतात की ज्यांना हंगामभर मागणी असते. आज मोर्शी, उद्या आर्वी, परवा दारव्हा. मालकाला तो हवा असतो, नियम ‘गावचेच खेळाडू’ असा असतो, मग तो रातोरात कोणाचा तरी भाचा होतो. ‘मामाच्या गावी राहते तो’ हे वाक्य लेखी नियमाशिवाय खोडता येत नाही. सरळ लिहा: आधार कार्डावर किंवा मतदार यादीत गटग्रामपंचायतीतल्या गावाचा पत्ता असेल तो स्थानिक, बाकी सगळे बाहेरचे. संघात बाहेरचा एकच. अठराच्या आतल्या मुलाला पालकाची सही.

बाहेरच्यांना पूर्ण बंदी घालायची हा मोह टाळा. बंदी पाळली जात नाही, नावं मात्र खोटी लागतात. त्यापेक्षा बाहेरच्या खेळाडूला दिवसाला १,००० रुपये मंडळाकडून, सगळ्यांना सारखे, वहीत सही घेऊन. मालकाने वेगळे पैसे दिल्याचं सिद्ध झालं तर पुढच्या वर्षी तो मालक नाही. नाहीतर लिलावात ४,००० पॉइंटांत घेतलेल्या हिटरच्या खिशात मालकाने मागून दहा हजार कोंबले, तर ६०,००० ची मर्यादा नावालाच राहते.

नाणेफेकीच्या वेळी फोटोसह संघयादी पंचांच्या हातात हवी. चेहरा जुळवायचा तो तिथेच. पाच षटकं झाल्यावर ‘हा तो नव्हेच’ म्हणणाऱ्या कर्णधाराचं ऐकू नका; त्याने आधी पाहायला हवं होतं.

बॅट आणि सिक्सचं बक्षीस

लांब सिक्स गेला की पहिला संशय बॅटवर. क्रिकेटच्या नियमात बॅट १०.८ सेंटीमीटरपेक्षा रुंद आणि ९६.५२ सेंटीमीटरपेक्षा लांब नसते. टेनिस बॉलच्या बॅटी मागून जाड असतात, त्यामुळे जाडीची मर्यादा मंडळाने स्वतः ठरवावी. प्लायवूडला त्या मापाची खाच पाडून घ्या, सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे. बॅट खाचेतून गेली तर ठीक. समोरच्या बाजूला लावलेली फायबर शीट चालते की नाही तेही लिहा. तपासणी दोन्ही संघांच्या सगळ्या बॅटींची, सामन्याआधी. एकट्या हिटरची नको.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये याच गोष्टीवरून मोठा गदारोळ झाला होता. ३ जून २००३ रोजी शिकागो कब्जचा सॅमी सोसा हा षटकारवीर, आपल्या भाषेत सांगायचं तर, मारायला उभा असताना त्याची बॅट फुटली आणि आत बूच भरलेलं निघालं. बॅट पोखरून बूच भरलं की ती हलकी होते, लवकर फिरते. संघटनेने त्याच्या बाकीच्या ७६ बॅटींचे एक्स-रे काढले, त्या साफ निघाल्या. त्याला आठ सामन्यांची बंदी झाली, ती पुढे सातवर आली. नाव त्याचं तिथेही डागाळलंच. पण शिक्षा सापडलेल्या एका बॅटीची झाली, लोकांच्या बोलण्याची झाली नाही. आपल्या तक्रार समितीने एवढं उचललं तरी पुष्कळ.

आता माइकवरच्या घोषणा. “अमुक भाऊंकडून प्रत्येक सिक्सला शंभर रुपये!” हे जरा सांभाळून. एक तर भाऊ नंतर सापडत नाहीत, म्हणून रोख टेबलावर आल्याशिवाय समालोचकाने नाव घ्यायचं नाही. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. सहा चेंडूंत सात धावा हव्या असताना हिटर एकेरी सोडून सिक्सच्या मागे लागतो, बाद होतो, संघ हरतो. मग मालक म्हणतो विकला गेला. तो विकला गेलेला नसतो, शंभर रुपयांच्या मागे गेलेला असतो. सिक्सचं बक्षीस ठेवायचंच असेल तर स्पर्धेतल्या सर्वाधिक सिक्सना एकच कूलर ठेवा, आणि फक्त सामना जिंकलेल्या संघाच्या डावांतले सिक्स मोजून तो द्या.

पंच, फोन, सट्टा

पंच दुसऱ्या तालुक्यातले आणा, मानधन मंडळाकडून. त्यांचं जेवण-मुक्काम मालकाच्या फार्महाऊसवर नको, तिथलं सावजी मटण कितीही चांगलं असलं तरी. भट्टा टाकणाऱ्या, म्हणजे हात वाकवून बॉल फेकणाऱ्या बॉलरचा निर्णय फक्त लेग अंपायरचा, हेही आधी ठरवा. टेनिस बॉलमध्ये अर्धी भांडणं यावरूनच होतात.

मालकांना बसायला वेगळा मंडप द्या, खेळाडूंच्या बाकापासून दूर. डाव सुरू असताना खेळाडूंचे फोन डब्यात. यूट्यूबवरचं थेट प्रक्षेपण मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं, आणि सीमारेषेवर फोन कानाला लावून उभा राहणाऱ्याचा धंदा तेवढ्यावरच चालतो. लगवाडी-खायवाडी करणारा, म्हणजे सट्टा लावणारा-घेणारा दिसला तर मंडळाने धाड टाकायची नाही. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे आणि त्याची अंमलबजावणी पोलिसांकडे आहे. ठाण्यातल्या बीट अंमलदाराला कळवा. सट्टेवाल्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नावासकट टाकलात तर बदनामीची तक्रार तुमच्यावरच होईल.

तक्रार आलीच तर

तक्रार लेखी, सामना संपल्यापासून अर्ध्या तासात, ५०० रुपये अनामत भरून. खरी ठरली तर पैसे परत. ऐकायला तिघांची समिती: मालक नको, मालकाचा नातेवाईक नको, त्याच्याकडे नोकरीला असलेलाही नको. गावात असे तिघे सापडत नसतील तर शेजारच्या गावचे जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी घ्या.

सुटलेला झेल हा पुरावा नाही. हळू खेळणंही नाही. पाहायचं ते धावफलकाच्या वहीत. ओव्हर कोणी मागून घेतली, नो बॉल पाय किती पुढे टाकून झाला, त्याआधी क्षेत्ररक्षण कोणी बदललं. त्यासाठी पंचांनी संशयास्पद चेंडू त्याच वेळी लिहून ठेवायला हवेत आणि दोन्ही संघांच्या स्कोररनी दर षटकाला सही करायला हवी. स्कोर मोबाइल अ‍ॅपवर ठेवत असाल तरी कागदाची वही सोडू नका, रेंज जाते.

शिक्षेचा तक्ता आधीच छापा, आणि त्यात मालकाचा रकाना ठेवा. हा रकाना नसला की काय होतं ते बेसबॉलच्या ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजमध्ये दिसलं. २०१७ मध्ये त्यांनी कॅमेऱ्याने प्रतिस्पर्धी कॅचरने, म्हणजे तिथल्या कीपरने, आपल्या बॉलरला केलेल्या खुणा पाहिल्या आणि कचऱ्याचा डबा वाजवून आपल्या फलंदाजाला पुढचा चेंडू कोणता ते कळवलं. जानेवारी २०२० मध्ये क्लबला ५० लाख डॉलर दंड झाला, मॅनेजर आणि जनरल मॅनेजर वर्षभरासाठी बाहेर गेले. पण खरं सांगण्याच्या बदल्यात अभय मिळाल्याने खेळाडू सुटले, मालकावर काही आलं नाही आणि विजेतेपद तसंच राहिलं. चाहते आजही त्यावर चिडतात. आपल्याकडे आयपीएलमध्ये उलट झालं. मालकांच्या बाजूच्या माणसांनी सट्टा लावल्यावरून सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीने १४ जुलै २०१५ रोजी चेन्नई आणि राजस्थान हे दोन संघच दोन वर्षांसाठी बाहेर काढले. यात सट्ट्याशी संबंध नसलेल्या खेळाडूंनाही दुसरे संघ शोधावे लागले. गावासाठी मधला मार्ग बरा: खोटं नाव लावलं तर खेळाडू स्पर्धेबाहेर आणि त्या सामन्याचे गुण समोरच्याला, कर्णधाराला माहीत असेल तर तोही बाहेर, मालकाला माहीत असेल तर त्याची फी जप्त आणि दोन वर्षं लिलावात जागा नाही.

पोलिसांत प्रकरण गेलं तरी समितीने आपला निर्णय द्यायला थांबू नये. १९१९ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, पैसे घेऊन हरल्याचा आरोप असलेल्या शिकागो व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंना १९२१ मध्ये ज्यूरीने निर्दोष सोडलं. दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे आयुक्त केनेसॉ लँडिस यांनी त्यांना कायमचं बाहेर काढलं. कोर्टाचा गुन्हा वेगळा, स्पर्धेचा नियम वेगळा. मात्र तुमची शिक्षा तुमच्या स्पर्धेपुरतीच. ‘तालुक्यात कुठेच खेळू देणार नाही’ असं माइकवरून सांगायचा अधिकार मंडळाला नाही.

तक्रार प्रलंबित असेल तर बक्षीस वाटू नका. एकदा ४१,००० चा चेक हातात घेऊन फोटो निघाला की तो परत येत नाही. निर्णय त्याच रात्री, तिघांच्या सहीने, कारणासकट एका पानावर लिहा. ते पान आणि जमाखर्चाचा कागद दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. जमाखर्चात उरलेले बॉलही मोजून दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी विचारेलच की ते बारा बॉल गेले कुठं.