चर्चेचा तास राखून: कॉलेजात माहितीपट दाखवायचा असेल तर

तयारी शेवटाकडून सुरू करा. मेस किती वाजता बंद होते, शेवटची एसटी कधी सुटते, सभागृहाला कुलूप कधी लागतं, हे आधी कागदावर मांडा. त्यातून चर्चेचा एक तास बाजूला काढा आणि उरलेल्या वेळात बसेल तोच माहितीपट निवडा. अन्न, पाणी, युद्ध यांवरचं काही पाहिलं की मुलं आधी गप्प होतात, बोलायला लागतात ती दहा-पंधरा मिनिटांनी. एका वर्षी आमच्याकडे नेमके तेव्हाच दिवे बंद झाले. मागच्या रांगेतल्या एका मुलाचा हात वर होता. त्याला काय म्हणायचं होतं ते राहूनच गेलं. तेव्हापासून हा तास मी कुणाला कापू देत नाही.

तारखा दिनविशेषांवर ठरवू नका. २२ मार्चचा जल दिन परीक्षांच्या तोंडावर येतो, १६ ऑक्टोबरचा अन्न दिन दिवाळीच्या आसपास. तीन विषयांसाठी ऑगस्टमधले तीन शनिवार बरे. युद्धावरचा माहितीपट मात्र ६ ऑगस्टच्या, हिरोशिमा दिनाच्या आठवड्यात ठेवा.

आमची निवड अशी: अन्नासाठी दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९), कारण विदर्भातल्या शेतकरी आत्महत्या आणि त्यांचा माग घेत फिरणारे पत्रकार पी. साईनाथ त्यात भेटतात. पाण्यासाठी आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५). नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाने महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, सगळी आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली, हे आपल्याच राज्यातल्या कितीतरी मुलांना ठाऊक नसतं. युद्धासाठी पटवर्धन यांचाच ‘जंग और अमन’ (२००२), १९९८च्या पोखरणच्या अणुचाचण्यांनंतरचा. सेन्सॉरने त्यात काटछाट मागितली होती, पण २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो विनाकाटछाट दाखवायला मोकळीक दिली. ‘हे पास झालेलं आहे का?’ असं प्राचार्य विचारतीलच, तेव्हा ही माहिती अर्जातच लिहा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. निर्मात्यांना पत्र पाठवून जाहीर प्रदर्शनाची परवानगीही मागा. पेनड्राइव्हवर फाइल असणं म्हणजे परवानगी नव्हे.

मग तांत्रिक बाजू. प्रोजेक्टर, एचडीएमआय केबल, लांब एक्स्टेन्शन बोर्ड, वीज गेली तर जनरेटर कोण चालू करणार त्याचं नाव. खरा घोळ होतो तो आवाजात आणि मराठी सबटायटल्समध्ये. तुम्ही भाषांतर करून फाइल बनवली असेल तर ती यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये जतन करा, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये देवनागरीचा फाँट निवडा आणि सभागृहातल्याच कॉम्प्युटरवर लावून बघा. नाहीतर अक्षरांऐवजी चौकोन दिसतात किंवा जोडाक्षरं फुटतात. शेवटच्या रांगेत बसून वाचा. पावरी किंवा भिलोरी या आदिवासी बोली जाणणारं कुणी वर्गात असेल तर नर्मदाकाठच्या माणसांच्या तोंडची वाक्यं त्याच्याकडून तपासून घ्या. ती आपल्या पुस्तकी मराठीत सपाट होऊ नयेत.

आवाजाची चाचणी गाणं लावून करू नका. एखादी म्हातारी हळू आवाजात बोलतेय असा तुकडा लावा आणि पंखे सुरू ठेवून ऐका. जुनं सभागृह घुमतं. हॉस्टेलवरच्या सतरंज्या आणि चादरी मागच्या भिंतीला लावल्या तर फरक पडतो, खिडक्यांचा उजेडही अडतो.

सगळ्यात नाजूक तयारी माणसांची. ‘नीरोज गेस्ट्स’ पाहणाऱ्यांत असा एखादा असू शकतो, ज्याच्या घरी हेच घडलंय. विषय काय आहे ते आदल्या दिवशी स्पष्ट सांगा, दाराजवळच्या खुर्च्या मोकळ्या ठेवा, कुणी उठून गेलं तर मागोमाग शांतपणे जाणारे दोघे आधीच ठरवा. मानसिक आधारासाठीच्या टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. चर्चेत कुणालाही ‘तुमच्याकडे झालं ना, सांग की’ असं म्हणायचं नाही, प्राध्यापकांनीसुद्धा नाही.

पाण्यासाठी माठ आणि स्टीलचे पेले, बाटल्यांचे खोके नकोत. वसतिगृहातल्या मुलांची ताटं मेसमध्ये झाकून ठेवायला सांगा, नाहीतर अर्धी चर्चा भुकेपायी उठून जाते. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, काही नको. एकाने तीन मिनिटं बोलावं आणि बसावं. माहितीपट संपल्यावर दिवे एकदम लावू नका, आधी फक्त मागचा एक. पहिला प्रश्न विचारणारी मुलगी किंवा मुलगा ठरलेला असू दे, पण थोडी शांतता गेल्यावरच बोलू दे.

आणि किल्ली ज्यांच्याकडे असते त्या काकांना आदल्या दिवशी स्वतः जाऊन भेटा. उशीर होईल हे सांगा, त्यांचंही ताट काढून ठेवा. मधल्या रांगेत एक खुर्ची त्यांच्यासाठी धरा. आमच्याकडे नर्मदेच्या माहितीपटानंतर सगळ्यात आधी तेच बोलले, धरणात गेलेल्या आपल्या मामाच्या गावाबद्दल.