स्वच्छ यूआरएल करताना या चुका टाळा

'लेख.पीएचपी?क्रमांक=42' या पत्त्याचं '/लेख/42' करायला अपाची या वेब सर्व्हरमध्ये एक नियम पुरतो. तो चालला नाही की मात्र अख्खी संध्याकाळ जाते, आणि पुष्कळदा नियमात चूक नसतेच.

म्हणून आधी सर्व्हर आपले नियम असलेली डॉट-एचटीअ‍ॅक्सेस फाइल वाचतोय का ते बघा. पहिल्या ओळीत एखादा अर्थहीन शब्द टाइप करून पान उघडा. 500 ची एरर आली तर फाइल वाचली जातेय. पान नेहमीसारखं उघडलं तर ही फाइल वाचायची परवानगी देणारं 'अलाउ-ओव्हरराइड' हे सेटिंग तपासा. अपाची 2.4 मध्ये ते मुळातच 'नन', म्हणजे परवानगी नाही, असं असतं. तो शब्द काढूनही 500 कायम राहिली, तर मॉड-रीराइट हे पत्ते बदलणारं मॉड्यूल सुरू केलंय का ते बघा.

मुख्य कॉन्फिगरेशनमधला नियम जसाच्या तसा या फाइलमध्ये चिकटवू नका. इथे पत्त्याच्या सुरुवातीची तिरकी रेघ आधीच काढलेली असते, त्यामुळे '^/' ने सुरू होणारा पॅटर्न कधीच जुळत नाही. प्रश्नचिन्हापुढचा भागही पॅटर्नला दिसत नाही. तो तपासायला क्वेरी-स्ट्रिंगची वेगळी अट लागते. आणि हा भाग नव्या पत्त्याला जोडणारा 'क्यूएसए' हा फ्लॅग नियमात विसरलात तर '/लेख/42?पान=2' मधलं दुसरं पान हरवतं.

सगळ्यात जास्त छळतं ते चक्र. जुना पत्ता नव्यावर पाठवायचा आणि नवा आतून जुन्यावर न्यायचा, असे दोन नियम आपण लिहितो. 'एल' (हा शेवटचा नियम) हा फ्लॅग लावला म्हणजे काम संपलं असं वाटतं, पण या फाइलमध्ये पत्ता बदलला की नियम पुन्हा पहिल्यापासून चालतात. मग पहिला नियम दुसऱ्याचं काम उलटवतो आणि ब्राउझर 'खूप रीडायरेक्ट झाले' म्हणून थांबतो. पहिल्या नियमाला 'द-रिक्वेस्ट'ची अट घाला. ब्राउझरने मुळात काय मागितलं ते त्यात असतं आणि ते बदलत नाही. हे जमेपर्यंत 302, म्हणजे तात्पुरतं रीडायरेक्टच वापरा, कृपा करून. 301, म्हणजे कायमचं रीडायरेक्ट, ब्राउझर लक्षात ठेवतो, मग नियम सुधारला तरी जुनीच चूक दिसत राहते.

पान उघडलं पण रंगरूप गेलं? सीएसएसचा पत्ता '/' ने सुरू करा.

मराठी पत्त्यांची काळजी वेगळीच घ्यावी लागते, आणि ती घ्यायलाच हवी. स्लग (मथळ्यावरून केलेला पत्त्याचा भाग) बनवताना पीएचपीमध्ये फक्त युनिकोडचा 'लेटर' गट ठेवला तर 'मराठी'चं 'मरठ' होतं, कारण काना-वेलांटी 'मार्क' गटात येतात. दोन्ही गट ठेवा. शिवाय देवनागरीचं प्रत्येक चिन्ह एन्कोड झाल्यावर 9 जागा घेतं. वर्डप्रेसमध्ये स्लगला 200 जागा असतात, म्हणजे सुमारे 22 चिन्हं, आणि त्यात काना-मात्राही मोजल्या जातात. लांब मथळा मधेच तुटतो. दोन-तीन शब्दांचा स्लग स्वतः हाताने लिहा.