पायथॉनमध्ये कन्स्ट्रक्टर लिहायचा कसा, आणि एका गाडीचा माल दुसरीत का दिसतो

जावा शिकून पायथॉनकडे आलेली पोरं क्लासच्या नावाखाली लगेच व्हेरिएबल लिहून टाकतात, तिकडची सवय असते ना भो. पण पायथॉनमध्ये तिथं लिहिलेलं क्लासच्या, म्हणजे साच्याच्या मालकीचं होतं, म्हणजे त्या साच्यातून बनलेल्या सगळ्या ऑब्जेक्टमध्ये सामाईक. बाकी सगळं नंतर, आधी हे पक्कं करा.

समजा रावेरहून केळीच्या गाड्या भरून दिल्लीकडे जातात त्यांचा हिशोब ठेवायचाय. क्लासचं नाव गाडी. आत डेफ लिहून इनिट नावाची मेथड (क्लासमधलं फंक्शन) करायची, हाच आपला कन्स्ट्रक्टर, नवीन गाडी बनवली की आपोआप चालतो, इनिटच्या पुढे दोन आणि मागे दोन अंडरस्कोर, एकेकच टाकला तर पायथॉन तिला साधी मेथड समजतो आणि गाडी बनवताना नंबर दिला की टाईपएरर येतो. कंसात सेल्फ, नंबर, गाव. आत तीन ओळी:

सेल्फ.नंबर = नंबर
सेल्फ.गाव = गाव
सेल्फ.वजनं = []

आता ग१ म्हणजे पहिली गाडी बनवताना फक्त नंबर आणि गाव द्यायचं, सेल्फ पायथॉन स्वतः भरतो. सेल्फ म्हणजे आत्ता बनलेला तोच ऑब्जेक्ट, इनिट चालायच्या आधीच तो तयार झालेला असतो, इनिट फक्त त्याच्यात माहिती भरतो, म्हणून इनिटमधून काही रिटर्न करायचं नाही. सेल्फ विसरून नुसतं नंबर = नंबर लिहिलं तर तेव्हा काहीच एरर येत नाही, मेथड संपली की ते व्हेरिएबल गायब, आणि नंतर ग१.नंबर मागितलं की ॲट्रिब्यूटएरर.

खरा त्रास लिस्टचा. वजनं = [] ही ओळ इनिटच्या बाहेर, क्लासमध्ये ठेवली आणि ग१.वजनं मध्ये अपेंड करून (शेवटी जोडून) 120 टाकले, तर दुसऱ्या गाडीत, ग२ मध्येही 120 दिसतात, कारण लिस्ट एकच आहे आणि दोघं तिच्याकडेच बघतायत. गंमत अशी की गाव पण क्लासमध्येच ठेवलं असलं तरी ग१.गाव = "दिल्ली" असं नवीन व्हॅल्यू देऊन लिहिलं तर ते फक्त ग१ चं होतं, ग२ ला धक्का नाही, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की क्लासमध्ये लिहिलेलं चालतंय. इनिटच्या कंसात वजनं=[] असं डिफॉल्ट देणंही तसंच घातक, ती लिस्ट डेफची ओळ चालते तेव्हा एकदाच बनते. तिथं नन (None, म्हणजे काहीच नाही) द्या आणि आत ननच आला असेल तर नवीन लिस्ट बनवा.

क्लास व्हेरिएबल वाईट नाही हं, एकक = "क्विंटल" असं सगळ्यांना सारखं असणारं तिथंच शोभतं.

दोन इनिट लिहिले तर शेवटचाच टिकतो, जावासारखं ओव्हरलोडिंग (एकाच नावाच्या अनेक मेथड) इथं नाही, डिफॉल्ट व्हॅल्यू वापरा.

शंका आली की प्रिंटमध्ये व्हार्स(ग१) (vars) टाकून बघा, ग१ चं स्वतःचं काय आहे ते दिसतं. नंबर, गाव दिसले आणि वजनं दिसली नाहीत, तर ती लिस्ट अजून क्लासमध्येच बसलेली आहे, तिला इनिटमध्ये आणा.