रॅगडॉल थरथरतोय? आधी वजनं बघा

रॅगडॉल म्हणजे गेममधलं असं पात्र, ज्याचे वजनदार तुकडे (हाडं) सांध्यांनी जोडलेले असतात आणि फिजिक्सच्या नियमांनी हलतात. माझ्या पात्राची थरथर नेहमी कंबरेतून सुरू व्हायची. उभं राहायचं, हात उचलायचं आणि मग छाती-कटीमधला भाग असा कापायला लागायचा की दोन सेकंदांत पाय वर. सांध्याची स्प्रिंग, म्हणजे त्याला ठरलेल्या स्थितीकडे ओढणारा जोर, वाढव असा सल्ला मिळाला आणि दोन महिने मी ती वाढवत राहिले. हजार, पाच हजार, वीस हजार. स्प्रिंग वाढवून ही थरथर जात नाही. मला तो सल्ला देणारा माणूस अनुभवी होता, पण त्याने माझी वजनं एकदाही उघडून पाहिली नव्हती. तुमचा सीन न उघडता आकडा सुचवणाऱ्याचं ऐकू नका.

छाती १५ किलो, कटी १२ किलो आणि मधला कण्याचा तुकडा अर्धा किलो. घोळ इथे होता.

सॉल्व्हर, म्हणजे सांधे जुळवून ठेवणारा फिजिक्सचा कोड, सहसा सगळे सांधे एकदम सोडवत नाही. एकेक सांधा घेतो, त्यापुरता वेग दुरुस्त करतो, पुढे जातो. त्या दुरुस्तीने मागचा सांधा पुन्हा बिघडतो. युनिटी या गेम इंजिनात अशा फेऱ्या मुळात ६ असतात. दुरुस्ती वाटली जाते तेव्हा हलकी वस्तू जास्त हलते. म्हणून वरचा सांधा जुळवायला तो अर्धा किलोचा तुकडाच वर सरकतो, छाती जवळजवळ ढिम्म. खालचा सांधा जुळवायला तोच परत खाली येतो. फेऱ्या संपतात तरी छातीचा भार कटीपर्यंत पोचलेला नसतो. उरलेली चूक पुढच्या स्टेपच्या (वेळेच्या पुढच्या तुकड्याच्या हिशोबाच्या) गळ्यात. आता स्प्रिंग कडक केलीत तर त्याच बिचाऱ्या तुकड्याला आणखी जोराने ढकलाल. बॉक्स टूडी या फिजिक्स इंजिनाच्या मॅन्युअलमध्येसुद्धा वजनांचं प्रमाण १० ला १ च्या पुढे गेलं की स्थिरता ढासळते असं स्पष्ट लिहिलंय. माझं प्रमाण ३० ला १ होतं.

तुकडा ६ किलोचा केला आणि त्याच दुपारी पात्र उभं राहिलं. खऱ्या माणसाच्या शरीराशी वजनं जुळत नाहीत? नसू देत. स्टेप ०.०२ वरून ०.०१ सेकंद केल्यावर उरलीसुरली थरथरही बरीच गेली.

टॉर्क (फिरवणारा जोर) स्वतःच्या कोडमधून देत असाल तर बारीक हाडांचा इनर्शिया, म्हणजे फिरायला होणारा विरोध, हाही पाहा. १ किलोचा, ४० सेंटीमीटर लांब, ३ सेंटीमीटर त्रिज्येचा दंडगोल स्वतःच्या लांबीच्या अक्षाभोवती आडव्या अक्षापेक्षा साधारण ३० पट सहज फिरतो. कोपर वाकवायला ठीक असलेलं डॅम्पिंग (हालचाल मंदावणारा जोर) पीळ घालताना हात भिरकावून देतं.

लागून असलेल्या हाडांची टक्कर बंद ठेवा, हाडांची पोझिशन थेट लिहू नका. हे तुम्हाला माहीत असेलच. फिजएक्स या फिजिक्स इंजिनातलं आर्टिक्युलेशन (हाडांची अख्खी साखळी एकत्र सोडवणारी रचना) वापरलं तर सांधे निखळतच नाहीत, पण पहिलं पात्र साध्या जॉइंटवरच उभं करा असं मी म्हणेन. वेळ लागतो. लागू द्या, पात्र कोसळतंय म्हणून तुम्ही या कामाला नालायक ठरत नाही, मला तसं फार दिवस वाटत होतं.

आणि हातात तलवार देताना हा हिशोब पुन्हा करा. ४०० ग्रॅमचा पंजा, ४ किलोची तलवार: कंबर सुधारल्यावर पुढचा आठवडा माझं मनगट थरथरत होतं.