आजारी रोहूचं रक्त आणायला शेततळ्यावर निघण्यापूर्वी

आधी साध्या नळ्या पेटीत टाका, मग पुढचं वाचा. साध्या म्हणजे आत काहीही न लावलेल्या. जांभळ्या टोपणाच्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए या रसायनाच्या नळ्या हाताशी असतात म्हणून त्याच उचलल्या जातात. गेल्या खेपेला तेच झालं आणि वीस माशांचं रक्त प्रतिकारशक्तीच्या चाचण्यांना निकामी ठरलं. ईडीटीए कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधून ठेवतं आणि कॉम्प्लिमेंटला, म्हणजे रक्तातल्या जंतू मारणाऱ्या प्रथिनांना, ते दोन्ही लागतात. शिवाय रक्त गोठलंच नाही तर सीरम, म्हणजे गुठळीतून सुटणारा पिवळसर द्रव, येणार कुठून? त्यामुळे प्रत्येक माशामागे एक साधी नळी, वर पाच जास्तीच्या.

हातमोजे, कात्री, चिमटे, वजनकाटा, मार्कर हे सांगायला नको.

भूल देण्यासाठी लवंगेचं तेल घ्या. ते नुसतं पाण्यात टाकलं तर वर तरंगतं, म्हणून आधी दहापट स्पिरिटमध्ये विरघळवा. दहा लिटर पाण्याला अर्धा मिली तेल पुरतं. मासा कलंडला की लगेच रक्त काढा. तो टबात ताटकळला की ताणामुळे कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढतं आणि मग आकडे आजाराचे की ताणाचे ते कळत नाही.

२२ किंवा २३ गेजची सुई, २ मिलीची सिरिंज, शेपटीजवळची शीर. वजनाच्या एक टक्क्याच्या वर रक्त घेऊ नका, पाव किलोच्या रोहूचं दीड मिली भरपूर झालं. त्यातून सीरम जेमतेम अर्धा मिली निघेल. सिरिंज कोरडी हवी, हेपरिनने धुतलेली नको; तेही रक्त गोठू देत नाही. रक्त आधी साध्या नळीत, उरलेलं हेपरिनच्या नळीत. हा क्रम उलटा झाला तर साधी नळी साधी राहत नाही. नळीत सोडताना सुई काढून टाका आणि रक्त कडेने हळू सोडा. सुईतून जोराने ढकललं की तांबड्या पेशी फुटतात, सीरम लालसर होतं आणि कॉम्प्लिमेंटच्या चाचणीत तोच रंग मोजला जातो.

या साध्या नळ्या लगेच बर्फात खुपसू नका. तासभर सावलीत तिरप्या ठेवा, गुठळी धरू द्या, मग बर्फावर. त्यासाठी वेगळा स्टँड लागतो, तोही आताच पेटीत ठेवा. हेपरिनचं रक्त एनबीटी चाचणीसाठी आहे, ती पांढऱ्या पेशींची जंतू मारायची ताकद रंगावरून दाखवते. त्यातल्या पेशी जिवंत हव्यात, म्हणून ती चाचणी त्याच दिवशी उरका.

मासे निवडताना तरंगणारे मेलेले उचलू नका. आपल्या उन्हात मेलेल्या माशात तासाभरात बाहेरचे जिवाणू शिरतात आणि जिवाणू वाढवायच्या प्लेटवर भलतंच उगवतं. धडपडणारे, कडेला आलेले घ्या. त्याच तळ्यातले धडधाकट दिसणारेही तितकेच घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? जखम असेल तर कडेचा तुकडा घ्या, मधला कुजलेला नको. अंगावरच्या ऊ म्हणजे आर्ग्युलस वेगळ्या स्पिरिटमध्ये ठेवा.

मूत्रपिंडातून निर्जंतुक लूपने (तारेच्या कडीने) टीएसए प्लेटवर, म्हणजे जिवाणूंच्या खाद्याच्या थरावर, रेघ ओढा. तळ्यात आठवड्याभरात अँटिबायोटिक टाकलंय का ते मालकाला आधीच विचारा. टाकलं असेल तर प्लेट कोरी राहिली तरी जिवाणू नव्हते असं समजू नका. प्लीहा आणि पुढचं मूत्रपिंड आरएनए-लेटरमध्ये (आरएनए टिकवणारं द्रावण), तुकडा अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड नको, आतपर्यंत भिनत नाही. ऊतींच्या तुकड्यांसाठी त्यांच्या आकारमानाच्या दहापट फॉर्मलिन.

पाण्याचं तापमान, पीएच, अमोनिया नोंदवा. विरघळलेला ऑक्सिजन पहाटे मोजा, दुपारचा आकडा फसवा असतो. तापमान विसरू नका: मासा थंड रक्ताचा, गारठ्यात त्याची प्रतिकारशक्तीही मंदावते.

आधी निरोगी तळं, मग आजारी. उलटं केलंत तर आजार तुम्हीच नेऊन सोडाल. जाळी आणि बूट पोटॅशियम परमँगनेटमध्ये, मेलेले मासे चुन्यात पुरून.

परत आल्यावर साध्या नळ्या रात्रभर ४ अंशांवर, सकाळी ३००० आरपीएमवर दहा मिनिटं. सीरमचे छोटे छोटे वाटे करून वेगवेगळ्या नळ्यांत, उणे ८० वर. एक वाटा एकदाच वितळवा.